बारा-चौदाचा पाना

गेल्या महिन्यात मला पंचाहत्तर पूर्ण झाली. ओवाळणं वगैरे यथासांग झालं, आणि दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी पुण्याहून पाठवलेली भेट कुरिअरवाल्यानं दारात आणून आदळली. उचलता उचलेना! निळ्या प्लॅस्टिकची पेटी. उघडली तर आत सराफाच्या दुकानात असतात तशा खाचा आणि प्रत्येक खाचेत एकेक हत्यार, असे एकूण २१६ नग. फोनवर म्हणाला, "बाबा, आता गाडीसाठी तुम्हाला दुसरं काही घ्यायलाच नको."

मी "छान आहे रे" म्हटलं, फोन ठेवला आणि चष्मा लावून मोजायला बसलो. (मास्तराची सवय. उत्तरपत्रिकांचा गठ्ठाही आधी मोजायचा.) निम्म्याहून जास्त तर स्क्रू ड्रायव्हरची बोटाच्या पेराएवढी टोकंच निघाली. चांदणीची, षट्कोनाची, कसकसल्या आकारांची. माझ्या गाडीला लागतील असे नग निघाले एकोणीस. आणि ज्या एका वस्तूची किंमत मला पुरती कळली आहे, ती त्यात नव्हतीच. चिरंजीव हे वाचतात, म्हणून लगेच सांगतो, पेटी मला आवडली आहे. पण तिच्या निमित्तानं गेली तीन वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट आज लिहून टाकणार आहे.

गाडी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. १९९४ सालची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. १९९९ मध्ये मी ती जुनीच घेतली, तेव्हा पांढरी होती, आता सायीच्या रंगाची झाली आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. बॉनेट उघडलं की हात घालायला जागा दिसते, आणि माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या बी.ए.लासुद्धा कुठली नळी कुठून कुठे जाते ते शोधता येतं. कंपनीनं हे मॉडेल २०१४ च्या जानेवारीत बंद केलं. आमच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. २०२४ मध्ये तिचे पाच हजार भरले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते दहा हजार झाले. म्हणजे २०२९ ला दहा. तोवर ती आणि मी दोघंही धावतो का, बघू.

घरी दुरुस्ती करायचा नाद मला लूनानं लावला. लूना १९७२ पासून आमच्या नगरच्याच कायनेटिकच्या कारखान्यात बनायची, त्यामुळे नगरकरांना ती घरच्या कार्ट्यासारखी वाटे. बिघडायचीही तशीच, हक्कानं. एक प्लग पाना, एक दुतोंडी पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्यावर माझी शाळेतली पंधरा वर्षं निघाली. शाळेच्या वाटेवर बंद पडली की प्लग काढायचा, काजळी घासायची, फुंकर मारायची, पायडल मारायचं. त्याच भरवशावर मी मोटारीलाही हात घालू लागलो. मोटार लूनाच्या तिप्पट अवघड असेल, एवढाच माझा अंदाज होता.

सेवानिवृत्तीनंतर हातात वेळ आला तेव्हा हत्यारं नीट घ्यावीत असं ठरवलं. पहिली चूक इथे झाली. आमच्या थोरल्या मेहुण्यांकडे पद्मिनी होती. ती विकल्यावर त्यांनी पान्यांचा सगळा सेट प्रेमानं मला दिला. भारी माल होता. पण माझ्या गाडीच्या ज्या बोल्टला हात लावावा तिथे पाना एक तर बसायचा नाही, नाहीतर सैल बसायचा. दोन बोल्टची डोकी मी त्या पान्यांनी गोल केली. पाना सटकून बोटांची सालपटं निघाली, ती वेगळीच.

ह्याचं कारण मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितलं. मनमाड रस्त्याला नागापूरच्या पुढे त्याचं गॅरेज आहे. (तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना गॅरेज तिथेच का चालतं हे सांगायला नको.) नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. मी त्याच्यापुढे ते गोल झालेले बोल्ट टेबलावर ठेवले. त्यानं बोटांत धरून बघितले आणि म्हणाला, "सर, तेराचा पाना लावला ना? हा बाराचा बोल्ट आहे."

तर प्रकार असा आहे. पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टच्या जाडीचा नसतो, डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा असतो, मिलिमीटरमध्ये. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला युरोपच्या रिवाजाप्रमाणे तेराचं डोकं येतं, आणि जपान्यांनी त्याच बोल्टला बाराचं डोकं दिलं. दहा मिलिमीटरच्या बोल्टला जुन्या युरोपीय मापानं सतराचं डोकं, जपानी मापानं चौदाचं. पद्मिनी मूळची इटलीची फियाट, म्हणून तिला दहा, तेरा, सतरा. मारुती सुझुकीच्या घरची, म्हणून तिला दहा, बारा, चौदा, सतरा. जुन्या जीपचा कारभार तर इंचात. तिथला अर्ध्या इंचाचा, म्हणजे चार सुती पाना भरतो १२.७ मिलिमीटर. तो बाराच्या बोल्टवर बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की दगा देतो. मी चाळीस वर्षं ह्या देशातल्या गाड्यांमधून हिंडलो, पण कोण कुठून आलं हे बोल्टच्या डोक्यावर लिहिलेलं असतं हे मला माहीत नव्हतं!

मी त्याला विचारलं, "तू नुसतं बघून कसं ओळखलंस?"

तो हसला. "सर, तुम्हीच नववीत म्हणाला होतात ना, अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात पाने पुसशील. पहिली दोन वर्षं तेच केलं. रात्री सगळे पाने रॉकेलच्या फडक्यानं पुसून नंबरानं लावायचे. पुसता पुसता पाठ झाले."

मला ते म्हटलेलं आठवेना. पण म्हटलं असणार, ह्यात मला शंका नाही. ते वाक्य मी दर वर्षी आठदहा जणांना ऐकवत असे. ठरलेलं होतं ते, "विद्यार्थ्यांनो, शांत बसा" सारखं. त्याच्या बोलण्यात टोचणी अजिबात नव्हती, त्यामुळे मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. त्यानं चहा मागवला. तेवढ्या वेळात कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं मला एक यादी लिहून दिली. "सर, मोठा सेट घेऊ नका. एवढंच घ्या. बाकीचं जेव्हा अडेल तेव्हा एकेक."

यादी घरी आणून मी वाचली. कशी वाचली ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका होत्या. माझा हात लाल पेनाकडे गेला होता, खरंच. सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं: "घोडि, २ नग." मला आधी हसूच आलं. मग आठवलं, गाडी उचलल्यावर खाली टेकू म्हणून ठेवतात त्या लोखंडी तिवईला गॅरेजवाले घोडी म्हणतात. जॅकनं नुसतं उचलायचं, भार घोडीवर द्यायचा.

माळीवाड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात यादी घेऊन गेलो. पाने टपारियाचे घेतले, नाशिकच्या सातपूरचे. एक सेट दुतोंडी उघड्या पान्यांचा, एक रिंग पान्यांचा. दोन्ही का, तर उघडा पाना बोल्टच्या दोनच बाजू धरतो, रिंग पाना सहाही कोपरे धरतो. म्हणून घट्ट बसलेला बोल्ट पहिल्यांदा रिंगनं सोडवायचा आणि नंतर उघड्या पान्यानं भराभर फिरवायचा. गोट्यांचा, म्हणजे सॉकेटचा, सेट तीन सुती खटक्याचा घेतला. दुकानदार चार सुतीचा मोठा गळ्यात मारत होता, पण आमच्या एवढ्याशा गाडीत तो हातासकट आत जात नाही. गोट्या आतून सहा कोनांच्या मागितल्या, बारा कोनांच्या नाही. गंजलेल्या नटावर बारा कोनांची गोटी घसरते. शिवाय एकवीसचा प्लग पाना, फिलर गेज, पक्कड, मल्टिमीटर.

टॉर्क रेंच मात्र महाग होता आणि यादीतही नव्हता. तो मी माझ्या बुद्धीनं घेतला आणि त्याबद्दल स्वतःला शाबासकी देतो. विशिष्ट जोर झाला की 'टक्' करून सांगतो, आता पुरे. गॅरेजवाल्याच्या हाताला तो अंदाज असतो. माझ्याही असेल असं मला वाटायचं. पण वयानं ताकद कमी होते तसा अंदाजही जातो, आणि तो गेलेला आपल्याला कळत नाही. ह्या इंजिनाचं वरचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. प्लग जास्त आवळला तर आटे मरतात, आणि मग पानाबिना राहतो बाजूला, हेड उतरवावं लागतं.

आणखी एक गंमत, कार्ब्युरेटरच्या फुलीच्या स्क्रूंची. फुलीही दोन प्रकारची असते म्हणे! आपला नेहमीचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर जपानी फुलीत तळापर्यंत टेकत नाही, उड्या मारतो आणि फुलीचं भोक करून ठेवतो. त्याचं टोक कानशीनं जरासं बोथट केलं की नीट बसतं. हे मला कुणी शिकवलं नाही, तीन स्क्रू खराब करून शिकलो.

सगळ्यात लाडका पाना मात्र दुकानातला नाही. पुण्याला मुलाकडे गेलो असताना कुंभारवेशीजवळच्या जुन्या बाजारात हिंडत होतो. जमिनीवर पसरलेल्या लोखंडाच्या ढिगात एक बारा-चौदाचा रिंग पाना दिसला. चाळीस रुपयांना घेतला. घरी येऊन रॉकेलनं धुतला तर दांड्यावर ठोकलेली दोन अक्षरं दिसली, "व. शि." कुणीतरी कारागिरानं आपली खूण केलेली. ठिपक्या ठिपक्यांनी ठोकून काढलेलं अक्षर, पण वळण काय सुंदर! माझ्या वर्गात असता तर वही सगळ्यांना दाखवली असती. हातात धरला की कळतं, दांडा मधोमध गुळगुळीत झाला आहे. कुणाचा होता, विकला का, की गेल्यावर घरच्यांनी भंगारात घातला... असो.

आता घोडीचं. दुकानात दोन घोड्यांचे दोन हजारांच्या आसपास सांगितले. टॉर्क रेंचनं आधीच खिसा हलका केला होता. मी हिशेब केला: गाडीबरोबर आलेला कात्रीसारखा उघडणारा जॅक आहे, मी काही रोज गाडीखाली जाणार नाही. पेन काढलं आणि यादीतली पहिली ओळ खोडली. अधोरेखित केलेली होती, दोनदा. ती चुकीचीही लिहिलेली होती, म्हणून खोडायला सोपी गेली की काय कोण जाणे.

२०२२ ची दिवाळी तोंडावर होती. सायलेन्सर खडखडायला लागला होता. क्लॅम्पचा बोल्ट सैल झाला असणार, दहा मिनिटांचं काम. ही आत फराळाच्या गडबडीत. मी अंगणात गाडी ढकलत आणली, मागचं डावं चाक उचलून काढलं, आणि पोतं पसरून पाठीवर खाली शिरलो. आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे आणि पाणी जावं म्हणून फाटकाकडे जरा उतार आहे. गाडी ढकलत आणल्यामुळे न्यूट्रलला होती. हँडब्रेक लावला होता, पण ह्या गाडीचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो, आणि मागच्या दोनातलं एक तर मी काढूनच ठेवलं होतं. पुढच्या चाकांना दगड लावायला हवे होते. लावले नव्हते. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवायला हवं होतं. ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं, व्यवस्थितपणाची हौस!

खाली हाताशी जो पाना होता तो मेहुण्यांच्या सेटमधला तेराचा. लावला, सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. बोल्ट बाराचा होता. माझा बारा-चौदाचा आत कपाटात. चिडून सरपटत बाहेर आलो, चपला घातल्या आणि घरात गेलो. ड्रॉवर उघडून पाना हातात घेतला, तोच बाहेर आवाज झाला.

गाडी उतारानं वीतभर सरकली होती आणि गुळगुळीत फरशीवर जॅक आडवा पडला होता. चाक काढलेला ड्रम फरशीवर आपटून फरशीला भिंतीपर्यंत तडा गेला होता. पोत्याच्या वर, जिथे माझी छाती होती, तिथे गाडीची कड पोत्याला टेकली होती. ते पोतं नंतर ओढून निघेना.

मी पायरीवर बसलो. पाना हातातच होता. किती वेळ बसलो माहीत नाही. आतून ही ओरडली, "काय पडलं हो?" मी म्हणालो, "काही नाही, हातोडा लागून फरशी फुटली." मग चुलीवरचं काही करपू नये म्हणून ती बाहेर आली नाही.

संध्याकाळी मी गॅरेजात गेलो. खरं तर फक्त घोडी कुठे चांगली मिळते ते विचारायला. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि "सर, काय झालं?" एवढंच विचारलं. सांगितलं. तो काही बोलला नाही. त्याच्याकडच्या दोन घोड्या रिक्षात ठेवल्या, स्वतः बरोबर आला, दगड लावून, गिअर टाकून, गाडी उचलून घोडीवर घेतली आणि मग जॅक काढून माझ्या हातात दिला. गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून दाखवलं. "अशी हलवून बघायची सर, हलली नाही तरच खाली जायचं." सायलेन्सरचा बोल्टही त्यानंच आवळला, माझ्याच बारा-चौदानं. पैसे घेतले नाहीत. जाताना म्हणाला, "यादीत पहिली लिहिली होती."

"हो," मी म्हटलं. ती मी खोडली हे मात्र त्याला सांगितलं नाही. यादी अजून माझ्याकडे आहे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. नववीत मी त्याला मराठीत नापास केलं होतं, तेही मला त्या रात्री आठवलं.

तेव्हापासून दोन घोड्या घरी आहेत. गेल्या पावसाळ्यातलं मोठं काम म्हणजे पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलणं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग बदलावे लागतील असं सरकारनंही २०२५ मध्ये म्हटलं होतं. माझी नळी बोटानं दाबली तर भाकरीसारखी तडकली. मी वर्गात मुलांना मोठ्या अभिमानानं शिकवायचो, की विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. आता त्याच जिल्ह्याच्या उसापासून इथेनॉल होतं. उद्या माझ्या टाकीत आलेला थेंब लोणीचाच नसेल कशावरून! तर, ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी नळ्या बघून घ्या. पेट्रोलच्या कामाआधी दहाच्या पान्यानं बॅटरीचं ऋण टोक सोडवायचं, हे विसरू नका.

चिरंजीवांच्या पेटीतले एकोणीस नग मी काढून घेतले आहेत. उरलेली पेटी गॅरेजात नेऊन दिली. तिथे सगळ्या तऱ्हेच्या गाड्या येतात, चांदणीची टोकंही लागतात. त्याच्याकडे नवीन आलेला एक पोरगा आहे, पंधरासोळाचा. तो दुसऱ्या दिवशी पेटी उघडून एकेक नग पुसत बसला होता. मी त्याला काही म्हणालो नाही. फक्त बाजूला खुर्ची घेऊन बसलो आणि तो नंबर म्हणत होता ते ऐकत राहिलो.

हे सगळं लिहून झाल्यावर, टाकण्याआधी, मी हिला वाचून दाखवलं. तीन वर्षांपूर्वी खोटं बोललो होतो, ते बाहेरच्यांच्या आधी तिला कळायला हवं होतं. ती शेंगा निवडत ऐकत होती. घोडी खोडल्याचं ऐकलं तेव्हा हात थांबले, पोत्याचं ऐकलं तेव्हा पदर डोळ्यांना लागला. मग बराच वेळ काही बोलली नाही.

"हातोड्यानं फुटली नाही हे मला तेव्हाच माहीत होतं," शेवटी म्हणाली. "हातोडा माझ्याकडे होता. नारळ फोडत होते."